पहिल्या टोकनाचा पाव

माझ्या मूर्खपणाची यादी लांब आहे, पण हा किस्सा सांगताना अजून कान गरम होतात. चहा घ्या, सांगतो.

कोबेला भूकंप झाला तेव्हा मी ओसाकात नोकरीला होतो. काम काय, तर गिऱ्हाईक रांगेत कमीत कमी वेळ कसं उभं राहील, ते बघायचं. पुण्याहून खास त्यासाठी आणलेला माणूस! कंपनीनं मदतीला धाडलं तेव्हा मनात म्हटलं, आता दाखवतोच या लोकांना.

एका शाळेच्या हॉलमध्ये एकशे ऐंशी माणसं ब्लँकेटं पांघरून बसलेली. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. सकाळी ट्रकमधून गोड पाव आले, एकशे साठ. वीस कमी! म्हणजे चेंगराचेंगरी ठरलेली, नाही का? मी दोऱ्या बांधल्या, वाटपाची दोन टेबलं लावली, दाराशी टोकनांची चळत ठेवली आणि मोडक्या जपानीत जाहीर केलं, जो आधी येईल त्याला आधी.

कोणी उठलंच नाही.

पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. लोक वाकून आभार मानत होते आणि जागचे हलत नव्हते. अहो, उपाशी ना तुम्ही? मग उठा की! माझं डोकं भणभणायला लागलं. तिथली व्यवस्था बघणाऱ्या सत्तरीच्या मात्सुदा-सान शेजारी येऊन काही सांगू पाहत होत्या. मी त्यांना हातानंच थांबवलं. इथे मॅनेजमेंट चाललंय, आजी.

मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे पंगतीत पान वाढलेलं असतं, पण कुणी सुरुवात केल्याशिवाय दुसरा हात घालत नाही. लाजताहेत बिचारे! मग काय, पहिलं टोकन मीच उचललं, दोऱ्यांमधून चालत टेबलाशी गेलो आणि त्या सगळ्या उपाशी माणसांसमोर एक अख्खा पाव चवीनं खाल्ला. वर "छान आहे" असंही म्हणालो.

तेव्हा मात्सुदा-साननी मला हळू आवाजात समजावलं, की सगळ्यांना पुरत नसेल तर इथे कुणीच घेत नाही. त्यांनी सुरी आणली, दोन बायकांना हाताशी घेतलं आणि प्रत्येक पावाचे दोन तुकडे करून जागेवर नेऊन दिले. पंधरा मिनिटांत सगळ्यांच्या पोटात काहीतरी गेलं. पोरांना तर दुसरा तुकडाही मिळाला. मी आपला दोऱ्या सोडत बसलो, मेल्याहून मेल्यासारखा.

शेवटी मात्सुदा-सान ताटलीत एक तुकडा घेऊन माझ्यासमोर आल्या. मी म्हणालो, "नको, मी खाल्लाय."

"हो," त्या अदबीनं वाकून म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी बघितलं."