वर्गातलं एकच टेबल

वसमत तालुक्यातल्या आमच्या शाळेखाली जमीन अधूनमधून गुरगुरते. गावाला त्याची सवय आहे, मला नव्हती. वर्गाला दार एकच, तेही अरुंद, आणि बाहेर पाय टाकताच तीन पायऱ्या. मोठा धक्का बसला तर लेकरं त्या दारातच चेंगरतील, ही माझी धास्ती होती.

वरून एक पुस्तिका आली. धक्का जाणवताच टेबलाखाली जावे, असं तिच्यात लिहिलं होतं. मी तसं शिकवलं, शिट्टी फुंकली, आणि सतरंजीवर बसलेली अठ्ठावीस पोरं वर्गातल्या एकमेव, म्हणजे माझ्या, टेबलाखाली घुसली. पुस्तिका लिहिणाऱ्याने आमच्यासारखी शाळा फोटोतच पाहिली असावी.

मग आम्ही आमचं ठरवलं. खिडकीपासून सरकायचं, दप्तर डोक्यावर धरून बसायचं, हलणं थांबलं की रांगेने मैदानात. जो पळेल त्याने परत येऊन पुन्हा करायचं. तांड्यावरची दुसरीतली एक पोरगी रोज पळायची, रोज परत यायची.

"काहून पळतीस गं?"

"पाय ऐकत न्हाईत, सर."

पुढे आपत्ती सप्ताहाचा कार्यक्रम आला. तालुक्याहून साहेब आले, त्यांच्याहून मोठा त्यांचा फ्लेक्स आला. बाहेर ऊन, म्हणून भाषण वर्गातच. प्रसंगावधानाचा तिसरा मुद्दा चालू असताना जमीन खरीच गुरगुरली. पत्रे थडथडले.

साहेब आणि सोबतचे दोघे एकदम दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. माझी शिट्टी खिशात राहिली. मागे वळून पाहिलं, तर अठ्ठावीस डोक्यांवर अठ्ठावीस दप्तरं. एकही पोर उठलेलं नव्हतं. त्या पोरीने एका हाताने दप्तर धरलं होतं, दुसऱ्याने स्वतःचा गुडघा दाबून ठेवला होता.

हलणं थांबलं. दार मोकळं झाल्यावर रांग निघाली, पायऱ्या उतरली. मैदानात मी मोजलं: अठ्ठावीस. गरज नसताना पुन्हा मोजलं. इतकी वर्षं पाढे पाठ करून घेतले, पण छाती अशी कधी फुगली नव्हती.

"तयारी चांगली आहे," साहेब घाम पुसत म्हणाले.

पोरीने माझी बाही ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "सर, साहेब पळाले. त्यांला पुन्हा करायला लावा ना."

नियम माझाच होता.