दयानंदचा उजवा हात

सर्जापूर रोडवरच्या त्या वसाहतीत तीनशेवीस फ्लॅट, आणि कुणाचा गीझर कधी दगा देईल हे दयानंद इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ. निपाणीकडचा माणूस, चौदा वर्षं बंगळुरात. त्याच्या हाताला यश आहे, असं वसाहतीतल्या बायका म्हणायच्या. त्यानं बोर्डाला हात लावला की बंद पडलेलं चालू व्हायचंच. तोच हात त्याला घरी लेकीच्या डोक्यावर ठेवता येत नव्हता.

त्याला कारण होतं. दारू सोडतो म्हणून त्यानं दोनदा शपथ घेतली होती, दोन्ही वेळा याच लेकीच्या, निवेदिताच्या डोक्यावर हात ठेवून. दुसरी शपथ अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी तो पिऊन आला, आणि त्याच आठवड्यात पोरगी सायकलवरून पडली, मनगट मोडलं. प्लास्टर घालताना आठ वर्षांच्या त्या पोरीनं डॉक्टरांनाच विचारलं, पप्पांनी शपथ मोडली म्हणून झालं का हे? दयानंद शेजारीच उभा होता. घरी आल्यावर त्याची बायको अश्लेषा एवढंच म्हणाली, "ह्याच्यापुढं पोरीच्या डोक्याला हात लावायचा न्हाई तुम्ही."

तेव्हापासून सणावाराला निवेदिता पाया पडायला वाकली की तो 'असू दे, असू दे' म्हणत मागं सरकायचा. आशीर्वादालाही हात उचलायची त्याची छाती होत नव्हती.

प्लास्टरच्या दिवशी दवाखान्यातून निघताना त्या डॉक्टरांनी त्याला चिठ्ठीच्या मागं एक फोन नंबर लिहून दिला होता. दोन महिने ती चिठ्ठी पाकिटातच राहिली. शेवटी एकदा फोन केला, तर पलीकडच्या माणसानं कन्नडमधून पत्ता सांगितला. इंदिरानगरला, चर्चच्या मागच्या शाळेत, शनिवारी संध्याकाळी सहाला दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग असते, या म्हणाला. दयानंद रक्ताच्या तपासण्यांची जाडजूड फाइल बगलेत मारून साडेपाचलाच हजर. बाहेर एक बाक होता. दवाखान्यात बसतात तसा तो बसला, नाव पुकारतील म्हणून. आतून कुणाकुणाचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच हसणंही. सातला लोक बाहेर पडायला लागले तसा हाही उठून घरी गेला. पुढच्या शनिवारी तेच. आपला नंबर लागला नाही, असं त्यानं अश्लेषाला सांगितलं. आणखी एक थाप, असंच तिला वाटलं असणार.

तिसऱ्या शनिवारी दार उघडून एक म्हातारे गृहस्थ चहाचे कप विसळायला बाहेर आले. पाहतो तर वसाहतीतले नवव्या मजल्यावरचे श्रीधरराव. चहाचं काम त्यांच्याकडं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी आत जायचे आणि सगळ्यांच्या मागून निघायचे. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले, बोलण्यात निम्मं कन्नड. मागच्याच महिन्यात त्यानं त्यांचा गीझर दुरुस्त केला होता. दयानंद ताडकन उठला. आता नोकरी गेली, हेच पहिलं त्याच्या मनात आलं.

"साहेब, तुम्ही इथं कुणाकडं आला होता?"

"तू ज्यासाठी आलायस त्यासाठीच. एकोणीस वर्षं येतोय," श्रीधरराव म्हणाले. "आणि ही फाइल कसली रे?"

त्यानं सांगितलं. तेव्हा ते हसले नाहीत, पुढं मात्र वर्षभर त्या फाइलवरून त्यांनी त्याची टर उडवली.

"इथं कुणी नाव पुकारत नाही, दयानंदा. आपल्या पायानं आत यायचं. चल, स्वल्प चहा घे आधी."

आत बसून सगळ्यांचं ऐकल्यावर त्यानं हळूच विचारलं, शपथ कधी घ्यायची असते? तर शपथ नाहीच, असं कळलं. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या बघायचं. दयानंदला हायसं वाटलं. जन्मभराचा शब्द त्याला पेलला नव्हता. एक शनिवार पेलेल, असं वाटलं.

चौथ्या महिन्यात गावी, भावाच्या लग्नात, तो घसरला. पण या खेपेला अश्लेषानं विचारायच्या आत त्यानं स्वतःहून तिला सांगितलं. मग मीटिंगमध्ये चारचौघांसमोर सांगितलं, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारपासून अश्लेषानं इस्त्री केलेला त्याचा शर्ट चारलाच खुंटीला दिसू लागला.

त्यानंतर वर्ष भरलं. ज्याचं वर्ष भरतं त्याला मीटिंगमध्ये मेडल देतात, घरच्यांनाही बोलावतात. अश्लेषा आली, निवेदिताला घेऊन आली. दयानंदनं कन्नडमध्ये बोलायची तयारी केली होती. श्रीधरराव म्हणाले, घरचं बोलणं घरच्या भाषेत बोल, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तो उभा राहिला. "मी दयानंद, मी दारुडा आहे. माझ्या पोरीचा हात सायकलीवरून पडून मोडला, शपथेनं नाही. पण तिला तसं वाटलं, ते माझ्यामुळं. आज मी प्यायलेलो नाही."

निवेदितानं मेडल त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सणाला वाकते तशी वाकली. तो सवयीनं मागं सरकायला गेला, तर मागं चहाचं टेबल. त्यानं अश्लेषाकडं पाहिलं.

"ठेवा की हात," अश्लेषा म्हणाली. "ही शपथ न्हवं."

मेडल डाव्या मुठीत घेऊन दयानंदनं उजवा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. खोलीभर टाळ्या वाजल्या. तिथल्या कितीतरी जणांना त्याचा एक शब्दही कळला नव्हता. टाळ्या थांबल्या तरी हात तिथंच होता. शेवटी निवेदितानंच खालून विचारलं, "पप्पा, उठू का आता?"