पायलच्या पत्रावळीतला पहिला रोडगा

...तर कणकेचे जाड रोडगे अजून गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांतच भाजत होते, काल तिथंच थांबलो होतो आपण. एकोणीस मार्च, संत योसेफाचा सण. उंद्रीजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये त्या दिवशी बायांनी चुलीपाशी फिरकायचं नाही. स्वयंपाक बापांचा, आणि पहिला रोडगा ज्याने त्याने आपल्या लेकराच्या पत्रावळीत वाढायचा. येशू योसेफाच्या रक्ताचा नव्हता, पण त्याला कमावून खाऊ घातलं ते त्या सुतारानेच. म्हणून ही आमची रीत.

आरापाशी प्रेमानंद बसला होता. विहिरींवरच्या जळलेल्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस. पुष्पांजलीचा पहिला नवरा वारला, तेव्हा तिची लेक पायल दीड वर्षाची. पुढे प्रेमानंदने पुष्पांजलीशी लग्न केलं. मागच्या पावसाळ्यात पुष्पांजलीही तापाने गेली आणि घरात उरले हे दोघं. वेणी घालता येईना गड्याला! एकदा रिबीन सापडेना, तर मोटरीच्या तारांवर गुंडाळायची कापडी पट्टी बांधून पोरगी शाळेत धाडली. आमची म्हातारी हसून हसून लोळली, मग त्यालाच धरून वेणी शिकवली.

तर पंगत बसली, पायलही बसली, आणि फटफटी येऊन थांबली. वरवट बकाल गावचा भागवत, पायलच्या मेलेल्या बापाचा थोरला भाऊ. हातात नवा फ्रॉक.

"चाल पायल. आजी वाट पाहून राह्यली. आता तिकडंच राह्यचं."

प्रेमानंद उठला. "भागवतभाऊ, बसा. जेवा आधी."

"जेवाले नाही आलो. माया भावाची एकच निशाणी हाये हे. तू कोण लागतं बे तिचा?"

"भागवता," मी म्हटलं, "बे-बे घरी कर. चर्चसमोर उभा हायेस."

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पायलचा दंड धरून तिला पंगतीतून उठवलं. पत्रावळ उलटली. प्रेमानंदच्या हातात आरातून काढलेला रोडगा तसाच होता. बोटं भाजत असतील, पण त्याला ते कळतच नव्हतं. त्याने हात उगारला असता तर भागवतला निमित्तच मिळालं असतं आणि पोरगी गेलीच होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

"तिले विचारा," प्रेमानंद एवढंच म्हणाला.

"विचारतो ना! सांग पायल, इथं राह्यतं का घरी येतं?"

दहा वर्षांची पोर. उलटलेल्या पत्रावळीकडे तिने पाहिलं.

"काका, आजीले सांग, सुट्टीत येईन," ती हळूच म्हणाली. "आता हात सोड. मले बसू दे."

भागवतचा हात आपोआप सुटला. पायल जागेवर बसली, पत्रावळ सरळ केली आणि प्रेमानंदकडे सरकवली. त्याने रोडगा कुस्करला, वर तूप सोडलं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली, पण भागवतचा चेहरा पाहून वाजवली नाही. फ्रॉक अजून त्याच्या हातातच होता.

"आज बसली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मोठी झाल्यावर एक दिवस तोंडावर म्हणन, तू माहा बाप नाही. तवा काय करशीन?"

राखेचे हात धोतराला पुसत प्रेमानंद म्हणाला, "म्हणू दे. मी म्हणीन, बरं माय, नाही तं नाही. पण जेवून जाय."