नागुबाईचं वय

नागुबाईचं वय किती, हे मला विचारू नका. त्या वयाचा एकदा मी असा घोळ घातलाय की अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

खासबागेत निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेटजींनी म्हाताऱ्या माणसांसाठी घर बांधलेलं. पाटीवर लांबलचक संस्कृत नाव, पण गाव आपलं म्हातारखानाच म्हणायचं. साठी गाठलेली आणि मागंपुढं कुणी नसलेली आम्ही चौदा माणसं तिथं ऱ्हायचो. आमच्यावर एकटी नागुबाई. भाकरी तिची, अंथरुणं तिची आणि शिव्याबी तिच्याच. "भावकूअण्णा, नाटकं बास! पाणी तापलंय, उठा," म्हणून सकाळी माझं पांघरूण असं ओढायची, की माणूस लाजेनंच उठावा. कुणी आजारी पडलं की मात्र तिच्या तोंडाचा पट्टा बंद. मऊ बोलायला लागायची. मग त्या माणसाचं धाबं दणाणायचं, आता आपलं काय खरं न्हाय म्हणून.

मनुबाईचं तर सगळंच ती बघायची. पाय घसरून पडल्यापासून मनुबाई कमरेखाली अधू. नागुबाई तिला उचलून न्हाणीत न्यायची, न्हाऊ घालायची, केस विंचरायची. पण मनुबाईचा तोरा काय सांगू! "साठच तर झालीत मला. बत्तीसच्या बत्तीस दात हाईत," म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला जबडा उघडून दाखवायची. दुसरी खोड म्हणजे खरं बोलायची. आमटी कशी झालीया विचारलं तर "खारट" म्हणून मोकळी. खोटं तिला जमायचंच न्हाय.

सदतीस सालच्या उन्हाळ्यात शेटजींनी नवा कारकून धाडला, उपेंद्र नावाचा. कोट, टोपी आणि काखेत रजिस्टर. सगळ्यांची वयं लिहून न्यायची होती. त्याच्यासोबत नवा नियमबी आलता, साठीपुढची बाई कामावर ठेवायची न्हाय.

"बावन्न," नागुबाईनं तांदूळ निवडता निवडता ठणकावलं. त्यानं लिहिलं. आमच्यात जन्माचा दाखला कुणाकडं? वय मोजायचं ते प्लेगावरनं, न्हायतर मोठ्या दुष्काळावरनं. मनुबाईनं साठ सांगितलं, तेबी लिहून झालं. मग माझी पाळी आली.

आता खरं सांगायचं तर दुष्काळात मी रांगत असणार. पण शिकलेला पोरगा समोर बसल्यावर मला ऐट चढली. "दुष्काळात मी चांगला जाणता होतो, साहेब. सरकारी अन्नछत्रात जोंधळ्याची आंबील प्यालोय. अजून चव हाय तोंडात!"

"जोंधळ्याची कुठली आली?" नागुबाई फिस्कारली. "नाचण्याची होती. नुसतं पाणी. करवंटीनं वाढायचे. धाकट्या भावाला काखेला मारून सकाळपासनं रांगेत हुबी असायची मी. मला विचारा!"

उपेंद्रची लेखणी थांबली. त्यानं बोटांवर हिशेब केला. "दुष्काळाला साठ वर्षं झाली. भावाला काखेला घेत होतात, म्हणजे तुम्ही तेव्हा आठनऊ वर्षांच्या. बाई, तुम्ही एकोणसत्तर वर्षांच्या आहात."

नागुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिला जायला जागा न्हवती. निपाणीला पोरगा होता, पण सुनेनं गाठोडं दारात फेकलेलं. आणि तो पोरगा हाय म्हणून आमच्यात नाव घालून घ्यायचीबी सोय न्हाय. हाकललं की सरळ रस्ता. माझ्या जिभेला हाड न्हाय म्हणतात ते काय खोटं न्हाय. मला लई वाईट वाटलं.

"साहेब, ती ऐकीव सांगतीया," मी घाईनं म्हणालो. "आमच्यातल्याच कुणाच्या तरी तोंडचं."

"कुणाच्या?"

सगळे आढ्याकडं बघायला लागले.

"माझ्या," मनुबाई म्हणाली. "भाऊ माझ्या काखेला होता. ही तवा जन्मालाबी आली न्हवती. माझी गोष्ट आपली म्हणून सांगत सुटलीया टवळी!"

उपेंद्रनं मागचं पान काढलं. "तुमचं वय साठ लिहिलंय."

"खोडा ते. एकोणसत्तर लिवा. बाईमाणूस थोडी वर्षं चोरणारच की."

तो हसला, पण लिहीना. तवा गप बसावं की न्हाय? मी गाढव म्हणालो, "मनुबाई खोटं बोलायची न्हाय, साहेब. यल्लम्माचा भंडारा उचलून सांगंल!"

"उचलू देत मग."

आमच्याकडं माणूस कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलंल, पण देवीचा भंडारा हातात धरून न्हाय. नागुबाई पदरानं डोळं पुसत उठली. "नगं गं मने. जाते मी."

"बस खाली," मनुबाई तिच्यावर खेकसली. "भावकू, आण रं तो भंडारा."

मी देवळीतली वाटी आणून तिच्यापुढं धरली. मनुबाईनं मूठभर हळद घेतली, डोळे मिटले, ओठातल्या ओठात कायतरी पुटपुटली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी एकोणसत्तर वर्षांची हाय."

उपेंद्रनं साठ खोडलं, एकोणसत्तर लिहिलं आणि रजिस्टर मिटून तो गेला.

शेवटी मलाच ऱ्हावलं न्हाय. "मनुबाई, देवीला काय सांगितलंस गं?"

"काय सांगणार? आई, माझ्या आयुष्यातली नऊ वर्षं तुझ्या पायाशी ठेवली म्हणलं. आता झाले की न्हाय मी एकोणसत्तरची? मग खोटं कुठलं?"

नागुबाई सरळ तिच्या अंथरुणापाशी गेली आणि तिच्या पायांवर तिनं कपाळ टेकलं.

"अगं, अगं! थोरली हाईस तू! मला पाप लागंल!" मनुबाई ओरडली.

"आता थोरली तू, आक्का," नागुबाई म्हणाली.

मनुबाईला पाय मागं घेता येईनात, आणि नागुबाई काही केल्या डोकं उचलंना.