मारुतीला तीनदा विचारलं तेव्हा

आमच्या घरात निर्णय बाबा घेत नसत, मारुती घ्यायचा. माझं कॉलेज हे की ते, फ्रिज पांढरा की लाल, आजोबांचा हातमाग ठेवायचा की मोडायचा, सगळ्यासाठी गल्लीतल्या देवळात दोन चिठ्ठ्या पडायच्या. पुजारी महाराज एक उचलायचे, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि वाचायचे. चष्म्याशिवाय महाराजांना मारुतीचं शेपूटही दिसत नसे. बाबांचं आयुष्य कळमन्याच्या बाजारात माल तोलण्यात गेलेलं, म्हणून चिठ्ठीही ते तीनदा काढायला लावत. "काटा एकदा खोटं बोलते, तीनदा नाई बोलत," म्हणायचे. लाल फ्रिजचं खापर आई अजून मारुतीवर फोडते.

मग कोरोना आला आणि देवळाला कुलूप लागलं. महाराज तेवढे रोज एकटे आत जाऊन पूजा करून येत. बाबांची फार पंचाईत झाली. केस घरी कापावेत की नाही हे विचारायची सोय राहिली नाही, म्हणून त्यांनी ते खांद्यापर्यंत वाढू दिले.

दुसऱ्या लाटेत बाबांनाच ताप आला. चौथ्या दिवशी दम लागू लागला. ऑक्सिमीटर ब्याण्णव, मग नव्वद दाखवू लागलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "धंतोलीतल्या एका दवाखान्यात बेड आहे, तासाभरात आणा." बाबा पलंगावर मांडी घालून बसले.

"मारुतीले इचारल्याशिवाय मी हलत नाई."

"अवो, देऊळ बंद हाय!" आई ओरडली.

"देऊळ बंद हाय. मारुती थोडाच बंद हाय?"

मला इतका संताप आला की ते ऑक्सिमीटर मी स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. नाडी एकशे तीस. आता दोघांनाही न्यावं लागणार असं वाटलं.

शेवटी महाराजांना व्हिडिओ कॉल लावला. नशिबाने ते देवळातच होते. आधी बराच वेळ पंखा दिसला, मग मारुतीचा गुडघा, मग एका मास्कच्या वर मिचमिचणारे दोन डोळे. बाबांनी धापा टाकत हुकूम सोडला: एका चिठ्ठीवर 'दवाखाना' लिहा, दुसरीवर 'घर'. महाराज खाली वाकले. काहीतरी फाडल्याचा आवाज आला. मग एक कपटा लांब धरून ते म्हणाले, "दवाखाना."

"पुन्हा काढा."

"दवाखाना."

"अजून एकदा."

"दवाखानाच निंगून राहिला, भाऊ! आता देवाले किती तरास देता?"

बाबांनी फोनमधल्या मारुतीच्या गुडघ्याकडे रागाने पाहिलं. "मारुतीही डॉक्टरले मिळाला," असं पुटपुटत ते उठले. एक चप्पल त्यांची, एक आईची, अशा थाटात आम्ही दवाखाना गाठला.

अकरा दिवस ते आत होते. एरवी चिठ्ठ्यांची टिंगल करणारी मी, रोज बंद देवळाच्या कुलपालाच हात जोडत होते. बाबा परत यावेत, एवढंच मागत होते. ते आले. निम्मे झाले होते, पण आले.

देऊळ उघडलं त्या दिवशी बाबा आणि मी नारळ घेऊन गेलो. महाराजांनी आधी स्वतःचे कान पकडले.

"भाऊ, त्या कपट्यांवर काहीच नव्हतं. पेन नव्हता जवळ. पेढ्याच्या डब्याचं झाकण फाडलं न् बोललो. इतक्या वर्षांत मारुती काय म्हणंल हे मले समजत नसंल, तं मी इथं नुसती घंटाच वाजवली!"

आता बाबा तो नारळ कुठे फोडतात, या काळजीने मी मधे उभी राहिले. पण बाबा शांत होते.

"मले तवाच समजलं होतं, महाराज. तुमच्या डोळ्यावर चष्मा कुठं होता?"

परतताना मी रस्त्यातच भडकले. "समजलं होतं, तं तीनदा काहून काढायले लावली? तिकडं बेड गेला असता म्हणजे?"

बाबा थांबले. अजूनही दर चार पावलांवर त्यांना थांबावं लागे.

"मले जायचंच होतं वं. लय भेव लागून राहिलं होतं. तुझ्या मायसमोर कसं सांगू? कोणीतरी 'जा' म्हणून राहिलं, ते तीनदा ऐकलं, तवा पायात बळ आलं."

त्यांचा मास्क नाकाखाली घसरला होता, तो मी वर ओढून दिला.