पांढऱ्यात चमचाभर पिवडी

तीस वर्षं आमच्या गल्लीतल्या एकाही घराला शुद्ध पांढरा रंग लागला नव्हता. कारण होता सिनेमाचा एक कॅमेरामन. त्याचा इतका बोलबाला, की लोक त्याचं नाव वाचून तिकीट काढायचे आणि नायक कोण ते मग विचारायचे.

आमच्या रंगाऱ्याने तरुणपणी त्याच्या सेटवर नायिकेच्या मागची एक भिंत रंगवली होती. कॅमेरामनने डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाला, "पांढरा फार ओरडतोय. बाईंचा चेहरा दिसू दे." याने बादलीत चमचाभर पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीची पूड, घातली. "हं, आता जमलं," एवढंच ऐकलं आणि गड्याने ते आयुष्यभरासाठी गाठीला बांधलं. घर कुणाचंही असो, पांढऱ्यात पिवडी पडणारच. लोक त्या रंगाला मलई म्हणू लागले, आणि मग रंगाऱ्यालाही.

माझे यजमान दातांचे डॉक्टर. "अरे, दवाखाना आहे, पांढरा दे."

"डॉक्टर, तुम्ही दातांचं बघा."

झालं! दवाखानाही पिवळसर.

एका मंगळवारी निरोप आला, त्याच कॅमेरामनची दाढ सुजली आहे, अकराला येतोय. मलईला कुठून सुगावा लागला देव जाणे. दहापासूनच इस्त्रीचा सदरा घालून बाकावर हजर.

"वहिनी, भिंतीकडे बघतील ना?"

"अहो, दाढ ठणकतेय त्यांची!"

"तरी बघतील."

आणि खरंच बघितलं. दाढ निघाल्यावर, गालात कापूस धरून, बोबड्या आवाजात त्यांनी विचारलं, "ही भिंत कुणी रंगवली?"

मलई हात जोडून उभा. "मीच, साहेब. तुम्ही सांगितलेली पिवडी."

"इथे कशाला? माणसाचे दात पिवळे दिसतील! ती त्या बाईंच्या चेहऱ्यासाठी होती. खोलीत कोण बसतंय ते आधी बघावं, मग डबा उघडावा."

मला वाटलं, आता हा रडणार. तर हा हसतच बाहेर आला.

"वहिनी, ऐकलंत? माझी भिंत निरखून पाहिली त्यांनी! मला पुन्हा शिकवलं!"

"आणि मी सांगत होतो तेव्हा?" यजमान म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर हो!"

दुसऱ्या दिवशी दवाखाना पांढराशुभ्र झाला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या घराचं काम निघालं. "रोज बसता तिथे बसा बघू," मलई म्हणाला. काकू नटूनथटून खुर्चीत बसल्या. हा खिडकी उघडतोय, मिटतोय, डोळे बारीक करून बघतोय. दुपार झाली तरी ब्रश कोरडाच. काकू मात्र खुशीत.

"इतकं निरखून मला बघायला आले होते तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.