काडीवरचे लाडू

शमीमखाला. अकोल्याची शमीमखाला. आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर तिचे, म्हणून नाव आधी लिहून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे ते सहा वर्षं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. कसं सांगायचं ते अजून नीट सुचत नाही, पण सांगतो.

मी हिवरखेडचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अकोल्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा बाबांच्या ओळखीतल्या एका गाद्या भरणाऱ्या चाचांनी त्यांची माडीवरची खोली दिली. खाला म्हणजे त्यांची बायको. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, मटण-अंडी खातो का. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी वेगळा तवा, वेगळं पातेलं आणि ताट-वाटी आणली. ताटावर माझं नाव घालून आणलं होतं — गजानन. म्हणाली, "तुह्या मायले सांगजो, तुहे भांडे अलग हायेत. तिच्या जिवाले घोर नको." तीन वर्षं मी त्या ताटात जेवलो. ते धुवायला गेलो की हातातून काढून घ्यायची. परीक्षा तुही हाय, भांडे माहे, असं तिचं म्हणणं.

आता मी अमरावतीला सरकारी कचेरीत आहे. ईश्वरी पाच वर्षांची झाली तेव्हा तिनं मोबाइलवर केकपॉप पाहिले. काडीवर केकचा गोळा, वरून चॉकलेट. तिला वाढदिवसाला तेच हवे होते. माझ्या बायकोनं, अर्चनानं, बिनअंड्याचा केक केला, कुस्करला, क्रीम घालून गोळे वळले. काडी खुपसून चॉकलेटमध्ये बुडवले की गोळा भांड्यात आणि नुसती काडी हातात. आदल्या दुपारी मी खालाला फोन लावला. दुसरं कोण सुचणार होतं?

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आली. बुरखा काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवला, हात धुतले आणि चुरा चिमटीत धरून पाहिला. क्रीम जास्त झालं होतं. लाडवात तूप जास्त झालं की लाडू बसतो, तसंच हे, असं तिनं अर्चनाला समजावलं आणि आणखी एक केक भाजायला लावला. त्याचा चुरा मिसळून मळलं. मग गोळे वळले — सगळे एकसारखे, जणू मोजून. काडीचं टोक आधी वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचं, मग गोळ्यात खुपसायचं, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं, मगच सगळा गोळा बुडवायचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एक गोळा पडलेला पाहून तिनं शोधून काढलं. वाळत ठेवायला तिनं ज्वारीचा डबा मागितला आणि त्यात काड्या उभ्या रोवल्या. मी बघत उभा होतो तर म्हणाली, "गजू, एवढा शिकला अन् लाडवाले काडी लावता येत नाई तुले."

आम्ही खूप हसलो. ते हसणं आठवलं की पुढचं लिहायला हात जड होतो.

संध्याकाळी कचेरीतली मंडळी आली. आमच्या साहेबांच्या पत्नींनी, त्यांना आम्ही मॅडमच म्हणतो, एक केकपॉप खाल्ला. छान झालाय म्हणाल्या. घरी केले? कोणी केले?

"अर्चनानं," मी म्हणालो.

अर्चना आत ईश्वरीचे केस विंचरत होती. तिनं ऐकलं नाही. मॅडमनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. खाला तिथं ताटात काड्या मांडत होती. या कोण, असं त्यांनी विचारलं. सहजच विचारलं होतं.

"मदतीला बोलावलंय."

स्वयंपाकघराचं दार तिथून चार पावलांवर. खालाचा हात क्षणभर थांबला. मग तिनं एक रिकामा ट्रे उचलला, बाहेर आली आणि पाहुण्यांच्या उष्ट्या बशा गोळा करू लागली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "साहेब, अजून आणू का?"

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती म्हणाली. आणि मी काय केलं? तिच्याकडे न बघता म्हणालो — "आणा."

तुम्ही म्हणाल, तोंडातून निघून गेलं असेल. सहा वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण ते खरं नाही. खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे, आणि तिच्यापाशी यायलाच मी इतका वेळ लावतोय. पाहुणे यायच्या तासभर आधी, खाला आत हात-पाय धूत असताना, मी खुंटीवरचा तिचा बुरखा काढला. घडी घातली. कपाटात चादरींच्या खाली ठेवला. मला कोणी सांगितलं नव्हतं. कचेरीत कोणी कधी तसं काही बोललंही नव्हतं. मॅडमनी कदाचित आणखी एक केकपॉप मागून घेतला असता, शिकवा म्हणाल्या असत्या. मला माहीत नाही. मी कळूच दिलं नाही. माझी भांडी वेगळी ठेवून जिनं माझ्या आईच्या मनाचा विचार केला, तिला मी माझ्याच घरात लपवलं.

निघताना तिनं खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी. तेव्हा मला तिच्यासमोर कपाट उघडावं लागलं, चादरी वर करून बुरखा काढावा लागला. तिनं तो झटकला, अंगावर घातला आणि म्हणाली, एसटी चुकन. बस, एवढंच. ईश्वरीच्या गालाला हात लावला आणि गेली.

त्यानंतरही तिचा फोन येतो. गजूच म्हणते. ईदला मी फोन करतो. पण तिला घरी मात्र मी पुन्हा बोलावलं नाही. खालाला आता प्रवास होत नाही, असं अर्चनाला सांगत राहिलो. तेही खोटंच.

मागच्या सोमवारी तिला पत्र टाकलं. बाळापूरच्या मराठी शाळेत ती सातवीपर्यंत शिकली आहे, वाचते. आमच्या बोलीतच लिहिलं. शाळेतल्या भाषेत लिहिलं असतं तर त्या भाषेच्याही आड लपता आलं असतं.

"खाला,

ईश्वरीच्या वाढदिवसाले ते लाडू कोनं केले असं मॅडमनं इचारलं, तवा म्या तुहं नाव घेतलं नाई. तुले मदतीची बाई म्हटलं. तू आयकलं, हे मले तवाच ठाव होतं. तुहा बुरखा पाव्हणे याच्या आंधीच म्या लपवला होता. कोनाच्या धाकानं नाई, माह्या मनानं. तू त्यावर कधी बोलली नाई, म्हनून म्याही बोललो नाई. हे पत्र टाकाच्या आंधी अर्चनाले अन् ईश्वरीले वाचून दाखवलं. मॅडमच्या घरी जाऊन त्याइलेही सांगतलं.

त्या दिवशी तू जेवल्याबिगर गेली, अन् म्या जाऊ देल्लं.

गजानन"